पगचं घोरणं गोंडस नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी पाठवलेली पाळीव प्राण्यांची छायाचित्रं आपण छापलीत. त्यात एक पग आहे. सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलेला, हनुवटी उशीच्या कडेवर टेकवलेली, तोंडात रबरी चेंडू. खाली ओळ आहे, 'खेळता खेळता डोळा लागला!' ज्या कुटुंबाने हे छायाचित्र पाठवलं, त्यांचा त्या कुत्र्यावर जीव असणार यात शंका नाही, आणि म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. तो कुत्रा खेळून दमला असेल असं मला वाटत नाही. बसून झोपणं, मान उंच ठेवून झोपणं, तोंडात काहीतरी धरून झोपणं ही आडवं झाल्यावर श्वास अडकणाऱ्या पगची लक्षणं आहेत. तोंड मिटलं की नाकातून हवा पुरत नाही. चेंडू दातांत धरला की जबडा उघडा राहतो आणि हवेला वाट मिळते. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, जीव घुसमटतो म्हणून तो स्वतःच शोधून काढतो.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीतली बरीच वर्षं स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात गेली. दम्याच्या बाया रात्री पाठीशी उशा लावून, पुढे वाकून, हात टेकून बसून राहायच्या. 'आता पडा जरा' म्हटलं तर नुसती मान हलवायच्या. आमचा पग बंडू अकोल्याला आला त्या पहिल्या रात्री उंबऱ्यावर हनुवटी टेकवून बसला होता. डोळे मिटत होते, मान खाली जात होती आणि दचकून पुन्हा वर येत होती. मी दिवा लावून त्याच्या अंगाकडे बघत बसले. श्वास घेताना बरगड्यांखाली पोट आत ओढलं जात होतं आणि त्याच क्षणी नाकपुडी आत चिमटली जात होती. माणसात हे दिसलं असतं तर मी धावत जाऊन डॉक्टरांना उठवलं असतं.

बंडू माझ्या मुलाचा. पुण्यात नोकरीला असताना त्याने घेतला. पुढे मुलगा-सून जर्मनीला गेले आणि बंडू आमच्याकडे आला. आमच्या कॉलनीतच असे आणखी पग आहेत, मुलांनी हौसेने घेतलेले आणि आता आजी-आजोबा सांभाळत असलेले. त्या सगळ्यांशी माझं बोलणं होतं. पुण्यात बंडूला जो बघेल तो 'किती क्यूट घोरतो' म्हणायचा, असं सून सांगायची. अकोल्यात स्टेशनवरून घरी आणताना रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "बाई, ह्याले दमा हाये काय वो?" घरी जनावरं असलेला माणूस होता तो. त्याला जे एका नजरेत कळलं, ते शिकल्यासवरल्या लोकांच्या लक्षात येत नाही, कारण आपण पग आधी जाहिरातीत पाहिला आणि मग घरात आणला.

जाहिरात सगळ्यांना आठवत असेल. २००३ साली हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला आणि गावोगाव 'हचवाला कुत्रा' हवा झाला. २००७ साली कंपनीचं नाव बदललं तेव्हा तोच कुत्रा 'व्होडाफोनवाला' झाला. त्या जाहिरातीत स्वभाव दाखवला तो मात्र अगदी खरा. पग मागे मागेच असतो. मी स्वयंपाकघरात तर तो ओट्याखाली, मी देवापाशी तर तो पाटाच्या कडेला, मी न्हाणीघरात तर तो दाराबाहेर. आमचे हे सकाळी आपलं वर्तमानपत्र वाचतात तेव्हा त्यांच्या पावलावर पाठ टेकून पडलेला असतो आणि त्यांनी पान उलटताना पाय हलवला की कपाळाला आठ्या घालून वर बघतो. राखण करणं त्याच्या रक्तात नाही. शिकार नाही, पळणं नाही, उगाच भुंकणं नाही. माणसाच्या मांडीवर बसावं आणि माणसाला सोडू नये, एवढ्याच एका कामासाठी ही जात शेकडो वर्षं जोपासली गेली आहे. म्हाताऱ्या माणसांच्या घरी आणि लहान मुलांच्या घरी इतका समजूतदार कुत्रा क्वचितच मिळेल. मुलं शेपटीची गुंडाळी सोडवून बघतात, तरी तो बसून राहतो. मला या जातीबद्दल वाईट लिहायचं नाही. हा कुत्रा इतका चांगला आहे, म्हणूनच त्याला सुखाने श्वास घेता यावा असं वाटतं.

पगचं मूळ चीनमध्ये. तिथल्या राजवाड्यांत तो वाढला, सोळाव्या शतकात डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेला आणि १६८८ साली विल्यम राजा हॉलंडहून इंग्लंडला आला तेव्हा त्याच्या दरबाराबरोबर पगही तिथे पोचले. पण या इतिहासातली मला महत्त्वाची वाटते ती एक जुनी तसबीर. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःचं चित्र काढलं, त्यात शेजारी त्याचा लाडका पग बसला आहे. मुलाने ते चित्र मला फोनवर पाठवलं. मी ते मोठं करून करून पाहिलं आणि मग बंडूकडे पाहिलं. चित्रातल्या कुत्र्याला नाकाड आहे! बेताचं, पण समोर आलेलं, स्पष्ट दिसणारं. आजच्या पगचा चेहरा बाजूने पाहिला तर कपाळापासून हनुवटीपर्यंत जवळजवळ सरळ रेष दिसते. चपटा चेहरा दिसायला बाळासारखा वाटतो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अधिकाधिक चपटी पिल्लं निवडली गेली. म्हणजे हे माणसाने केलेलं आहे आणि माणसाने ठरवलं तर ते मागे फिरवताही येईल.

हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या प्रमाणात आखूड झालं नाही. टाळूच्या मागचा मऊ भाग पूर्वीइतकाच लांब राहिला, तो श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतो. जीभ घशाच्या मानाने मोठी आहे. नाकपुड्या उभ्या फटीएवढ्या उरल्या. या अरुंद वाटेतून हवा ओढायला कुत्र्याला छातीचा जोर लावावा लागतो आणि त्या जोराने घशातलं अस्तर सुजून आणखी पुढे येतं. वय वाढतं तसं हे वाढत जातं. आपण ज्याला घोरणं म्हणतो तो या सगळ्याचा आवाज.

यात अकोलेकरांनी नीट समजून घ्यावी अशी गोष्ट उन्हाची आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या नाकात अतिशय पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांवर कायम ओलं अस्तर असतं. धापा टाकताना हवा त्या ओलाव्यावरून आणि जिभेवरून जाते, पाणी उडतं आणि रक्त थंड होतं. आपल्याकडे घरोघरी कूलर आहे, त्यामुळे वेगळं सांगायला नको. नाक म्हणजे कुत्र्याचा कूलर. पगच्या चपट्या तोंडात या कूलरच्या ताट्या कोंबून बसवलेल्या आहेत आणि हवा आत यायची खिडकी बोटभर उघडी आहे. पंखा कितीही जोरात फिरवा, खोली गार होणार नाही. उलट धापा टाकायचे कष्टच इतके होतात की त्यानेच अंग आणखी तापतं. आणि जुलैत हवेत दमटपणा आला की आपले कूलर जसे निरुपयोगी होतात, तसंच त्याचंही होतं. म्हणून पाऊस पडून गेल्यावर 'आता गारवा आला' म्हणून दुपारी पगला फिरायला नेणं धोक्याचं आहे. लोक मे महिन्यात जपतात आणि जुलैत बेसावध राहतात.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने हजारो पग आणि इतर कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून २०२२ साली निष्कर्ष काढले. पगला वर्षभरात एखादा तरी आजार होण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या जवळजवळ दुप्पट. आखूड तोंडामुळे होणारा श्वासमार्गाचा विकार तर पन्नास पटींहून अधिक. डोळ्याच्या बुबुळावर जखम होण्याचं प्रमाण सुमारे तेरा पट, कातडीच्या घड्यांत होणाऱ्या संसर्गाचं अकरा पट. त्याच अभ्यासात पगच्या आक्रमकपणाच्या नोंदी मात्र इतर कुत्र्यांपेक्षा कमी निघाल्या. वर स्वभावाचं लिहिलं त्याला हा दुजोराच आहे. त्याच संस्थेच्या २०१२ सालच्या एका पाहणीत याहून मोठी गोष्ट पुढे आली होती. ज्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास असल्याची लक्षणं दिसत होती, त्यांच्या मालकांपैकी ५८ टक्के लोकांनी 'आमच्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नाही' असं सांगितलं. ही जातच अशी, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. प्रेम असलं तरी असं होऊ शकतं, म्हणून मी आपल्या छायाचित्राचा विषय काढला.

आता आमच्याकडे उन्हाळा कसा काढतो ते सांगते, कारण पग आधीच घरात असलेल्यांना हे उपयोगी पडेल. फिरणं सूर्य उगवायच्या आधी. रात्री दहा वाजता रस्त्यावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघा, डांबर अजून तापलेलं असतं. पगचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नसतं, ती धग सगळी त्याला लागते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये रात्रीचं फिरणं आम्ही बंद करतो आणि अंगण धुऊन तिथेच दोन फेऱ्या मारतो. गळ्यात पट्टा बांधत नाही, छातीला बांधायचा पट्टा वापरतो, गळा मोकळा राहिला पाहिजे. दुपारी अकरा ते सहा घरात, कूलरसमोर, खाली फरशी, दार किलकिलं. वीज गेली तर काय, याची तयारी ठेवावी लागते. स्वयंपाकघरात एक मोठा माठ फक्त बंडूसाठी भरलेला असतो. टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी अंगावर घेववत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्याला ऊन लागलं आणि नळ सोडला तर आधी ते उकळतं पाणीच येणार. म्हणून माठ.

ऊन लागल्याची खूण अशी. धापा थांबत नाहीत, आवाज कर्कश होतो, जीभ लांब आणि रुंद बाहेर येते, लाळ घट्ट होते, कुत्रा अडखळतो. जिभेचा रंग निळसर व्हायला लागला तर एक मिनिटही दवडू नये. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. गुदद्वारात थर्मामीटर लावून ते १०४ च्या वर गेलेलं दिसलं तर आधी तिथेच थंड करायला लागा आणि मग दवाखान्याकडे निघा. सावलीत घ्यायचं, माठातलं पाणी पोटावर, काखेत, पायांवर, सगळ्या अंगावर ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, तो थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आत अडवतो. पाणी जबरदस्तीने तोंडात ओतू नये, श्वासात जाईल. रिक्षा किंवा गाडीत खिडक्या उघड्या. बंद उभ्या गाडीत पगला 'पाचच मिनिटं' ठेवणाऱ्यांना मी रस्त्यात थांबवून सांगते, आणि पुढेही सांगणार आहे.

डोळ्यांबद्दल थोडं लिहायलाच हवं. पगचे डोळे खोबणीत उथळ बसलेले असतात, बाहेर आलेले. पुढे नाक नसल्यामुळे झुडपात तोंड घातलं की पहिला काटा थेट डोळ्याला लागतो. अंगणात गुलाब किंवा कागदी फुलांची वेल असेल तर खालच्या फांद्या छाटून टाका. एक डोळा मिटून धरला, पाणी येतंय, बुबुळावर निळसर-पांढरी झाक दिसतेय, तर उद्यावर ढकलू नका. डॉक्टर डोळ्यात एक रंग घालून तपासतात, जखम असेल तिथे तो हिरवा चमकतो. घरात कुणाच्या तरी जुन्या दुखण्यातले थेंब पडलेले असतात, ते घालायचे नाहीत. त्यात स्टिरॉइड असलं तर बुबुळावरची जखम चिघळते आणि डोळा जाऊ शकतो. माणसांच्या बाबतीतही वॉर्डात हे घसा कोरडा करून सांगावं लागायचं.

नाकावरची घडी मी रोज सकाळी स्वच्छ करते. उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ सुती फडकं पिळून घेते, तर्जनीला गुंडाळते आणि घडी दुसऱ्या हाताने वर उचलून आतून एकदाच फिरवते. त्या घडीत तपकिरी चिकट मळ साठतो आणि वास येतो. मग कोरड्या फडक्याने ओल पूर्ण टिपून घ्यायची. खरं काम या टिपण्याचं आहे, ओल राहिली की कातडी लाल होते. पावडर घालू नये, ती ओलीबरोबर लगदा होऊन बसते. बंडूला आता याची इतकी सवय झाली आहे की फडकं पिळल्याचा आवाज आला की येऊन समोर बसतो आणि डोळे मिटून घेतो.

आणि वजन. इंग्लंडचा केनेल क्लब ही कुत्र्यांच्या जातींची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या मानकानुसार पगचं योग्य वजन ६.३ ते ८.१ किलो. आपल्याकडे अकरा-बारा किलोचे पग दिसतात आणि लोक त्यांना 'गुटगुटीत' म्हणतात. श्वासमार्ग आधीच अरुंद असलेल्या कुत्र्याच्या गळ्याभोवती चरबी साचणं म्हणजे काय, हे कुणालाही कळेल. पग खायला कधीच नाही म्हणत नाही. येणारा प्रत्येक पाहुणा त्याला बिस्कीट देतो, शेजारी शिरा देतात, मुलं शेव देतात. आमच्या दारावर मी कागद चिकटवला आहे, 'बंडूला खायला देऊ नये'. काहींना राग आला, येऊ दे. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर दाब न देता बरगड्या लागल्या पाहिजेत, ही साधी परीक्षा. द्राक्षं, मनुका, कांदा आणि चॉकलेट तर कुठल्याच कुत्र्याला देऊ नये. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नाहीत.

बंडूची तपासणी केली तेव्हा डॉक्टरांनी कागदावर दोन नाकपुड्या काढून दाखवल्या. एक गोल, बाजूला स्वल्पविरामाएवढी फट असलेली, आणि दुसरी नुसती उभी रेघ. बंडूची दुसरी. नाकपुड्या रुंद करायची आणि टाळूचा लोंबणारा भाग कापून आखूड करायची शस्त्रक्रिया असते. अशा कुत्र्यांना भूल देणं जोखमीचं असतं, विशेषतः भूल उतरताना. श्वासासाठी घशात घातलेली नळी काढायची घाई केली तर घसा मिटतो. म्हणून हे काम सरावाच्या हातांनीच आणि नंतर रात्रभर लक्ष ठेवणारं कुणी असेल तिथेच करावं. आम्ही थंडीच्या दिवसांत करून घेतलं. टाके निघाल्यानंतर एका दुपारी मी खोलीत गेले तर बंडू कुशीवर आडवा, चारी पाय लांब, तोंड मिटून झोपलेला. मी त्याला असं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. मुलाला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, तर तिकडे तो बोलेचना. बंडू आजही घोरतो, पण हलकं. उन्हाळा त्याला आजही जड जातो. शस्त्रक्रियेने पगचा चेहरा लांब होत नाही, त्रास कमी होतो इतकंच.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला परवडत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून खरा उपाय पिल्लू घ्यायच्या आधीच करायला हवा. ज्यांना पग घ्यायचाच आहे त्यांनी पिल्लाच्या नाकपुड्या उजेडात बघाव्यात. इंग्लंडच्या केनेल क्लबच्या मानकातसुद्धा आता मोकळ्या नाकपुड्या हव्यात आणि चिमटलेल्या अमान्य, असं स्पष्ट लिहिलं आहे. पिल्लाची आई बघितल्याशिवाय व्यवहार करू नये. तिला अंगणात दोन-तीन मिनिटं झपझप चालवायला सांगा आणि मग तिच्या जवळ कान न्या. केंब्रिज विद्यापीठ आणि तिथला केनेल क्लब यांनी २०१९ पासून अशीच परीक्षा सुरू केली आहे. तीन मिनिटं चालवून, आधी आणि नंतर स्टेथोस्कोप लावून शून्य ते तीन अशी श्रेणी देतात, आणि तीन श्रेणीच्या कुत्र्यांची पैदास करू नये असं सांगतात. नेदरलँडने तर तोंड कवटीच्या एक तृतीयांशाहून आखूड असलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीवर बंदी घातली आहे. ज्या हॉलंडमार्गे पग इंग्लंडात गेला, त्याच देशाने हे केलं. आपल्याकडच्या केनेल क्लबांनी निदान ही चालण्याची परीक्षा सुरू करावी. त्याला एक मोकळी जागा, एक पशुवैद्य आणि एक स्टेथोस्कोप लागतो. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, जाणकार माणसं शोधायला दूर जावं लागणार नाही.

ज्यांना पिल्लूच पाहिजे असा हट्ट नाही, त्यांनी मोठा पग घरी न्यावा. उपचाराचा खर्च समोर आला की लोक पग सोडून देतात, बांधून ठेवतात, 'कुणाला पाहिजे का' म्हणून व्हॉट्सॲपवर टाकतात. चार-पाच वर्षांचा पग नव्या घरी किती लवकर रुळतो ते मी पाहिलं आहे. त्याला फक्त माणूस लागतं. शिवाय मोठ्या कुत्र्याच्या श्वासाचा त्रास समोर दिसतो, घेणाऱ्याची फसगत होत नाही.

आणखी एक. सुट्टीत कुत्रा सोबत नेणाऱ्यांसाठी. रेल्वेत पहिल्या वर्गाचा कूपे पूर्ण घेतला नाही तर कुत्र्याला गार्डच्या डब्याजवळच्या पेटीत ठेवावं लागतं. उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या पेटीत पगला ठेवून अकोल्याहून मुंबई-पुण्याला नेणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. अनेक विमान कंपन्या आखूड तोंडाच्या कुत्र्यांना सामानाच्या कक्षात घेतच नाहीत, त्यामागचं कारण हेच. प्रवास टाळता येत नसेल तर पहाटे निघून वातानुकूलित गाडीने जा, नाहीतर त्याला घरीच कुणाकडे तरी ठेवा.

शेवटी आपल्याकडे दोन मागण्या. पहिली, दरवर्षी फाल्गुन लागला की उष्माघाताची माहिती आपण माणसांसाठी छापता, त्यात आखूड तोंडाच्या कुत्र्यांसाठी चार ओळी जोडाव्यात. पग, शिट्झू, फ्रेंच बुलडॉग ही कुत्री आता तालुक्याच्या गावीही आहेत. दुसरी मागणी छोट्या जाहिरातींबद्दल. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरीही वर्तमानपत्रांत 'पगची पिल्ले, ओरिजिनल, पंच फेस' अशा जाहिराती येतात, खाली फक्त मोबाईल क्रमांक. 'पंच फेस' म्हणजे चेहरा जितका चपटा तितका भाव जास्त. आपण अशा जाहिराती घेताना मंडळाचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीत छापावा. क्रमांक नसेल तर जाहिरात परत करावी. यासाठी कुठल्या नव्या कायद्याची वाट बघायला नको, आपल्या जाहिरात विभागाने ठरवलं की पुढच्या रविवारपासून होईल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
अकोला